तिसऱ्या दिवशीचा पोळा

तिरोड्याच्या बाजार ओळीत कैलाशचं दुकान आहे. पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही, कारण त्या दुकानाचं नाव महिन्यागणिक बदलतं. श्रावणात लोक त्याला राखीवाल्याचं दुकान म्हणतात, पंधरा दिवसांनी नंदीवाल्याचं, मग गणपतीच्या मखरांचं, देवीच्या चुनऱ्यांचं, पणत्या-रांगोळीचं आणि शेवटी होळी आली की पिचकाऱ्या आणि साखरेच्या गाठ्यांचं. कैलाशच्या वडिलांनी हातगाडीवर सुरू केलेला हा धंदा. सण आला की दुकान भरतं, सण गेला की रिकामं होतं. मधल्या दिवसांत कैलाश माल आणायला गोंदिया, कधी रायपूर करत असतो.

दुकानाला लागूनच असलेल्या या घरात मंजू लग्न होऊन आली ती माघ महिन्यात. तिचं माहेर चोरखमाऱ्याचं. तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं, खाऊन-पिऊन सुखी असं घर. तिचे वडील चैतराम यांना गावात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, त्यांच्या बैलांची निगा, आणि दुसरी, पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहून ते म्हणत त्या झडत्या, म्हणजे चढ्या आवाजातली यमकं जुळवलेली कवनं. त्यांचा आवाज गावाबाहेरच्या धानाच्या बांधीपर्यंत ऐकू जायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकायचे, दुसऱ्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून रंगवायचं, आणि पोळा फुटून बैल दारात आले की त्यांचे पाय धुवायचा मान मंजूचा. सहाव्या-सातव्या वर्षापासून तो तिच्याकडेच होता. सण म्हणजे घरातली सगळी माणसं सकाळपासून घरात, हे तिला इतकं सवयीचं होतं की दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

लग्नानंतरचा पहिला मोठा सण होळीचा. धुळवडीच्या दिवशी सकाळी मंजू नवी साडी नेसून खोलीबाहेर आली, तर सासूबाई, शकुंतलाबाई, दारात उभ्या. त्या मूळच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना अम्मा म्हणतो. अम्मांनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की साडी बदल, जुनं काहीतरी घाल आणि पिचकाऱ्यांचं ते खोकं उचल, दुकानात माणूस कमी पडून राहिला आहे. मंजूने खोकं उचललं. दुपारपर्यंत तिने रंगाच्या पुड्या बांधल्या. सगळं गाव रंगात नाहून गेलं आणि ज्या दुकानातून तो रंग गेला तिथली माणसं कोरडीच राहिली. दुपारी घरी आल्यावर अम्मांनी खिचडी लावली. ती खाऊन जो तो जिथे जागा मिळेल तिथे झोपला.

तिला वाटलं, एखाद्या सणाचं असं होत असेल. पण राखीलाही तेच झालं. कैलाशच्या बहिणीने गोंदियाहून पाकिटातून राखी पाठवली आणि ती गल्ल्याच्या खणात तशीच राहिली. मग पोळा आला. पोळ्याच्या आधी दहा दिवस दुकानात लाकडी नंद्यांची रांग लागते. हाताच्या पंजाएवढ्या नंदीपासून गुडघ्याएवढ्या नंदीपर्यंत, पायांना चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. मुलं हे नंदी दोरीने ओढत तोरणाखाली नेतात आणि मग दारोदार फिरून बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं, मागतात. तेव्हा पोळ्यालाही दुकान आणि तान्ह्या पोळ्यालाही दुकान. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी चैतराम यांचा फोन आला. पोळा कसा झाला, असं त्यांनी विचारलं. मंजूने सांगितलं की चांगला झाला, पुरण केलं होतं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. बापाशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, कुणाला न विचारता, तिने चण्याची डाळ शिजायला टाकली. कैलाश गणपतीच्या मालासाठी गोंदियाला निघायच्या तयारीत होता. त्याच्यापुढे पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाची पोळी, वडे आणि तांदळाची खीर. न विकला गेलेला एक नंदी हळदकुंकू लावून देवापाशी ठेवलेला.

अम्मांनी विचारलं, "आज कोणता सण हाय?"

"पोळा," मंजू म्हणाली.

"पोळा तर परवा होऊन गेला."

"तो लोकाईचा होता, अम्मा. आपला आज हाय."

अम्मांनी पाट ओढला. पोटभर जेवल्या. हात धुताना म्हणाल्या की सण शिळा आहे, पण पोळी ताजी आहे. कैलाशची गोंदियाची गाडी चुकली. त्याने दुसरी गाडी बघितली नाही. तो दुपारभर घरातच राहिला, आणि इतक्या वर्षांत आपण कधी सणाला घरी जेवलो ते आठवायचा प्रयत्न करत होता. त्याला आठवलं नाही.

तिथून त्या घराची रीत पडली. लोकांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी यांचा. त्या दिवशी दुकानाचं शटर खाली, मग बाहेर कुणी कितीही ठोको. कैलाशची बहीण राखी घेऊन एक दिवस उशिरा येऊ लागली. तिला ते फार सोयीचं झालं, कारण राखीच्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी खिडकी मिळते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सगळं तिरोडा अंग घासून घासून रंग काढत असताना, हे तिघंजण अंगणात एकमेकांना रंग लावत. एकदा रंगलेल्या तोंडाने कैलाश दूध आणायला गेला तेव्हा दूधवाल्याने त्याला विचारलं की भाऊ, काल भांग जास्त झाली का. तो घरी येऊन हे सांगून हसला. अम्मा मात्र वर्षानुवर्षं त्याला शिळा सणच म्हणत राहिल्या. म्हणत आणि जेवत.

दोन वर्षांनी गुंजन झाली. ती दुकानातच वाढली. पणत्यांच्या रिकाम्या खोक्यात झोपली, गोंड्यांच्या ढिगात रांगली. तिला पहिल्यापासून हेच ठाऊक की सणाच्या दिवशी आपण दुकानात असतो, आणि आपला सण उद्या असतो. शेजारच्या मुलांना नवे कपडे घातलेले पाहिले की ती विचारायची नाही. तिच्या हिशोबाने ते घाईत होते.

ती पहिलीत गेली त्या वर्षी राखीनंतरच्या दिवशी शाळा होती. गुंजन गेली नाही, कारण घरी राखी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंनी, प्रेमिला मॅडमनी, सहज विचारलं की काल काऊन आली नाही. गुंजनने सांगितलं, काल आमची राखी होती. वर्ग हसला. एकाने म्हटलं, राखी तर परवाच झाली. दुसऱ्याने म्हटलं, गुंजनची राखी शिळी. मॅडमनी मुलांना गप्प केलं, पण शब्द फिरायचा तो फिरला. मधल्या सुट्टीत तो तिच्या मागे मागे आला.

घरी येऊन गुंजनने दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, आणि मंजूच्या शेजारी येऊन बसली. मंजू नंद्यांच्या शिंगांना बेगड चिकटवत होती.

"मम्मी, आपला सण शिळा राहते का?"

हा शब्द मंजूने सासूच्या तोंडून आठ वर्षं ऐकला होता आणि हसण्यावारी नेला होता. पोरीच्या तोंडून तो ऐकला तेव्हा तिच्या हातातली बेगड तशीच राहिली. तिने सांगितलं की नाही राहत. गुंजनने विचारलं, मग सगळ्यांचा आधी काऊन. मंजूने तिला समोरची रांग दाखवली. म्हणाली, "हे नंदी आपण नाई विकले तर त्या लेकराईचा पोळा कशावर होईन? त्याईचा झाला का मंग आपला. बस, एवढंच हाय."

गुंजनने मान हलवली. पण तिचं समाधान झालं आहे की नाही हे मंजूला कळेना. दोन दिवस ती त्याच विचारात होती. आपण आपल्या हट्टापायी लेकराला चारचौघांत हसं करून ठेवलं, असं तिला वाटू लागलं. शेवटी तिने कैलाशला सांगितलं की या वर्षी तान्ह्या पोळ्याला दुपारी साडेतीनला मी दुकानातून उठेन. शाळेजवळच्या मैदानात चार वाजता मुलांचा पोळा भरतो, तिथे मी गुंजनला घेऊन जाईन, सगळ्यांच्या बरोबर. कैलाश विचारात पडला. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि अम्मांना आता उभं राहणं होत नव्हतं. तरी तो म्हणाला, जा, मी पाहून घेतो. गुंजनसाठी त्याने एक मध्यम आकाराचा नंदी वेगळा काढला, काळ्या डोळ्यांचा, आणि तो गल्ल्यामागे ठेवला.

तान्ह्या पोळ्याचा दिवस आला. गुंजनला नवा घागरा घालून, वेणी घालून दुकानात आणलं होतं. ती नंदी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. तीन वाजल्यापासून गर्दी अशी उसळली की मंजूला मान वर करायला फुरसत नव्हती. आई-बाप, आजे, काका, सगळे शेवटच्या क्षणी आलेले, आणि प्रत्येकाचं मूल वेगळ्या नंदीसाठी अडून बसलेलं. या गर्दीत गुंजन कुणाकुणाशी बोलून राहिली आहे हे मंजूला दिसत होतं, पण काय बोलते आहे ते ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, पोरगी वेळ घालवून राहिली.

साडेतीनला मंजूने हात पुसले. दुकानातले नंदी संपले होते. तेवढ्यात खाकी गणवेशातली एक बाई धापा टाकत आली. बरोबर चार-पाच वर्षांची मुलगी. ती रीता, एसटीत कंडक्टर. तिची अर्जुनी मोरगावकडची फेरी उशिरा संपली होती आणि पोरीला शेजारणीकडून उचलून ती थेट बाजारात आली होती. तिने एखादा तरी नंदी द्या म्हणून विचारलं. मंजूने रिकाम्या फळ्या दाखवल्या. रीताची मुलगी पिहू गुंजनच्या मांडीवरच्या नंदीकडे पाहत राहिली.

मंजूला वाटलं, आता गुंजन नंदी देऊन टाकेल की काय. पण गुंजनने नंदी घट्ट धरला.

"हा माहा हाय, हा नाई देत," ती म्हणाली. "पण आमचा पोळा उद्या हाय. तुमी उद्या या. दोघी मिळून ओढू."

रीता गोंधळली. तिने मंजूकडे पाहिलं. गुंजनने तिला नीट समजावून सांगितलं की ज्यांना आज काम असते त्यांचा पोळा उद्या असते. रीताने पिहूकडे पाहिलं. मग म्हणाली की उद्या माझी सुट्टी आहे. किती वाजता?

"दहा वाजता," गुंजनने सांगून टाकलं.

त्या दोघी गेल्यावर मंजूने गुंजनचा हात धरला आणि म्हणाली, चल, मैदानात उशीर होऊन राहिला. गुंजन स्टुलावरून उतरली नाही.

"मी आज जात नाई, मम्मी. माहा पोळा उद्या हाय. मी सगळ्याईले सांगून टाकलं."

सगळ्यांना म्हणजे किती जणांना, हे विचारायचं मंजूला त्या वेळी सुचलं नाही. पोरीने आपणहून तो दिवस निवडला, एवढ्यानेच तिचा ऊर भरून आला होता. तिने पुन्हा कमरेला पदर खोचला आणि बेगडीच्या गिऱ्हाइकांकडे वळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजूने दरवर्षीच्या रीतीप्रमाणे पाच माणसांचं पुरण घातलं, वर रीता आणि पिहू धरून थोडं जास्त. चैतराम सकाळच्या बसने येणार होते. दरवर्षी या दिवशी ते लेकीकडे येत, बरोबर बांधावरच्या काकड्या आणि घरचे तांदूळ घेऊन. दहाच्या सुमारास बाहेर कालवा ऐकू आला म्हणून मंजूने दार उघडलं. गल्लीत मुलं उभी होती. समोरच्या हलवायाची दोन, जी काल दिवसभर जिलबीच्या दुकानात बसली होती. फुलवालीची नात. केस कापणाऱ्या भुपेंद्रचा मुलगा, कारण तान्ह्या पोळ्याला सगळ्या गावाला दाढी करायची असते. एक होमगार्ड, जो काल मैदानातल्या पोळ्याच्या बंदोबस्तावर उभा होता, तो आपल्या जुळ्या पोरींना सायकलवर घेऊन आलेला. रीता आणि पिहू. आणि आणखी सात मुलं, ज्यांना मंजू ओळखतही नव्हती. एकूण चौदा. गुंजन सगळ्यांना एका रांगेत उभं करून राहिली होती.

मंजूने आत येऊन पुरणाच्या पातेल्यात पाहिलं. मग कैलाशकडे पाहिलं. कैलाश म्हणाला की मी हलवायाला विचारून येतो. हलवाई स्वतःच कालची उरलेली बुंदी आणि ताजे भजे घेऊन दारात उभा होता. फुलवाली म्हणाली, कणीक कुठे आहे ते सांगा, लाटायला मी बसते. रीताने साडीचा पदर खोचला आणि चुलीपाशी बसली. एवढ्या बायका एकदम स्वयंपाकघरात पाहून मंजूला आधी लाज वाटली की घर बारकं आहे. मग लाज वाटायला वेळच उरला नाही. चण्याची डाळ पुन्हा शिजायला टाकली.

खरी अडचण वेगळी होती. चौदा मुलांत नंदी सातांकडेच होते. बाकीची रिकाम्या हाताने आली होती, कारण काल नंदी संपले होते. गुंजन कावरीबावरी झाली. निमंत्रण तिने दिलं होतं.

तेव्हा अम्मा उठल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या मागच्या खोलीत गेल्या आणि कैलाशला हाक मारली. तिथे एक पोतं होतं. वाहतुकीत मोडलेले नंदी त्यात टाकलेले. कुणाचं शिंग तुटलेलं, कुणाचं चाक नाही, कुणाचा पाय निखळलेला. ते कारागिराला परत द्यायचे होते. अम्मांनी पोतं अंगणात उलटं केलं.

"हे घे आणि ठोक," त्या कैलाशला म्हणाल्या. "लेकरू रिकाम्या दोरीनं पोळ्यात जाते का कुठं?"

कैलाश हातोडी घेऊन बसला. भुपेंद्रने खिळे आणून दिले. चाकं कमी पडली तेव्हा होमगार्डने कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं गोळा करून आणली आणि ती दोन-दोन जोडून चाकं केली. तुटल्या शिंगावर मंजूने बेगडीचा जाड थर दिला. एका नंदीचं शिंग काही केल्या बसेना, तेव्हा त्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल बांधलं. तो नंदी ज्याच्या वाट्याला आला तो हलवायाचा धाकटा, आणि सगळ्यांत जास्त तोच खुश होता, कारण असा नंदी दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तोरण अम्मांनी स्वतः बांधून घेतलं. दुकानाच्या शटरपासून भुपेंद्रच्या दुकानाच्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांची माळ. पानं कुठून आणायची, दोरी किती वर असायला हवी, कुणाचा नंदी आधी, सगळं त्याच सांगून राहिल्या होत्या. मंजू हळदकुंकवाचं ताट घेऊन आली तेव्हा अम्मांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः खुर्चीवर बसून एकेका नंदीला टिळा लावू लागल्या, त्याच्या मागे त्याच्या मालकालाही. आठ वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा सासूने शिळा हा शब्द काढला नव्हता.

चैतराम आले तेव्हा रांग तोरणाखाली तयार होती. खांद्यावर तांदळाचं ओझं, हातात काकड्यांची पिशवी. ते गल्लीच्या तोंडाशीच थांबले. तिथून त्यांना चौदा नंदी दिसले, काही बाटलीच्या झाकणांवर उभे राहिलेले, तोरण दिसलं, घरांच्या पायऱ्यांवर बसलेली बाया-माणसं दिसली आणि मधोमध आपली नात दिसली, आपल्या नंदीची दोरी एका हातात आणि पिहूचा हात दुसऱ्या हातात. त्यांनी ओझं तिथेच रस्त्यावर ठेवलं. गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्या गावात पोळ्याला बैलजोड्या कमी होत चालल्या होत्या आणि त्यांनी झडत्या म्हणणं जवळपास सोडलं होतं. त्या दिवशी त्यांनी न सांगता तोरणाखाली येऊन डोक्याचं फडकं सारखं केलं आणि आवाज लावला. बाजार ओळीतल्या वरच्या खिडक्या उघडल्या.

त्यांचं झाल्यावर गुंजन म्हणाली की आता मी. तिने आपली झडती स्वतः जोडली होती, काल स्टुलावर बसल्या बसल्या.

"काल होता दुकानात,
बसून राहिला कोनात,
आज सुटला दावणीतून,
बोजारा द्या घरातून."

चैतराम यांनी तिला ती परत म्हणायला लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी सगळी मुलं तिच्याबरोबर म्हणत होती. अम्मांनी तोरण तोडलं, पोळा फुटला, आणि चौदा नंदी खडखडत बाजार ओळीत निघाले. ज्या दुकानदारांनी शटरं उघडली होती त्यांनी हाताला येईल ते दिलं, कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी पेन्सिल, कुणी भुईमुगाच्या शेंगा. एका कापडवाल्याने प्रत्येक नंदीला लाल कापडाची चिंधी बांधली.

मधल्या सुट्टीच्या वेळी प्रेमिला मॅडम आल्या. पहिलीच्या वर्गातली चार मुलं एकाच दिवशी गैरहजर, म्हणून त्या चौकशीला निघाल्या होत्या, आणि त्या चारही जणांना त्यांनी नंदी ओढताना रस्त्यातच पकडलं. मंजूला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिने पुढे होऊन सांगायला सुरुवात केली की चूक माझी आहे. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की उद्या गुंजनला नंदी घेऊन शाळेत पाठवा, वर्गाला तिने हे सांगावं, मी सांगून उपयोग नाही. अम्मांनी त्यांनाही टिळा लावला आणि पोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

पंगती तीन झाल्या. शेवटच्या पंगतीला मंजू आणि तिचे वडील समोरासमोर बसले. चैतराम यांनी ताटातली पोळी संपवली.

"गावात मी सांगत होतो," ते म्हणाले, "का माही पोरगी बिनसणाच्या घरात पडली."

मंजूने मान खाली घातली.

"आता ते बोलणं वापस घ्या लागन मले," असं म्हणून त्यांनी खिरीची वाटी पुढे केली.

मंजूने खीर वाढली. वाटी काठोकाठ भरली आणि दोन थेंब पाटावर सांडले. चैतराम यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी गुंजन नंदी घेऊन शाळेत गेली. वर्गात तिने काय सांगितलं ते मंजूला कधीच पूर्ण कळलं नाही. एवढंच कळलं की संध्याकाळी दोन मुलांच्या आया दुकानात येऊन विचारून गेल्या, पुढच्या वर्षी आमच्या मुलांना यायला चालते का. त्यांच्या घरी सणाच्या दिवशी कुणी कामाला जात नव्हतं. मंजू म्हणाली, चालते.

त्याला आता काही वर्षं झाली. बाजार ओळीत पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानं बंद असतात, कुणी ठराव केलेला नाही. पहिल्या वर्षी चौदा, मग तीस, मग मंजूने मोजणं सोडलं. औष्णिक वीज केंद्रात पाळीवर जाणाऱ्या बापांची मुलं येतात, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या आयांची येतात. रीता आपली फेरी आधीच बदलून घेते. मोडक्या नंद्यांचं पोतं कैलाश आता कारागिराला परत देत नाही. वर्षभर झाकणं साठवतो. गुंजन दरवर्षी नवी झडती जोडते आणि धाकट्या मुलांना ती शिकवते. मोठी सक्त आहे त्या बाबतीत, एक शब्द चुकला तरी पुन्हा म्हणायला लावते.

गेल्या वर्षी गावातले एक पुढारी श्यामलालजी दुकानात येऊन बसले. त्यांनी सांगितलं की उपक्रम चांगला आहे, आपण तो मोठ्या मैदानात घेऊ, मंडप टाकू, फ्लेक्स लावू, बक्षिसं देऊ, फक्त दिवस रविवार करू म्हणजे लोकांना सोयीचं. मंजू राख्यांचे गठ्ठे सोडवत होती. तिने हात न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "भाऊजी, लोकाईच्या सोयीचा पोळा आदल्या दिवशी राहतेच. हा ज्याईले सोय नाई त्याईचा हाय. फ्लेक्स नको. तुमी नातवाले घेऊन या, पोळी खाऊन जा."

श्यामलालजी हसले, चहा पिऊन गेले. कैलाशला वाटलं, माणूस दुखावला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच आले, पांढऱ्या कपड्यांत, नातवाचं बोट धरून, नातवाच्या हातात दोरी. ते थेट तोरणापाशी पुढे जाऊ लागले तेव्हा अम्मांनी खुर्चीवरून हात वर केला आणि त्यांना रांग दाखवली. ते मागे गेले, होमगार्डच्या जुळ्या पोरींच्या मागे उभे राहिले, आणि नंबर येईपर्यंत उन्हात थांबले. मंजू दारातून पाहत होती. आतून कुणीतरी पोळी करपून राहिली म्हणून ओरडलं, तेव्हा ती हसतच आत पळाली.